वाकळ, कौदी आणि शिवणयंत्र

आपल्या सीमाभागात एका घरी जी वाकळ, ती चार घरे पलीकडे कौदी. आत मात्र दोन्हीकडे तेच : आजीचे इरकल, आजोबांचे धोतर, शाळेच्या गणवेशाची विरलेली पाठ. नावावरून वाद घालणाऱ्यांनीही तो तिच्यातच गुरफटून घातला असेल. आता वाकळी विक्रीसाठीही शिवल्या जातात आणि त्यामुळे एक प्रश्न वारंवार कानी येतो : वाकळीसाठी कोणते मशीन घ्यावे? दुकानदार टाक्यांचे नमुने मोजून दाखवतो. पण या प्रश्नाचे मूळ बरेच मागे आहे, कारण शिवणयंत्र मुळात वाकळीसाठी घडलेच नाही.

ते घडले गणवेशासाठी आणि सदऱ्यासाठी. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए याने १८३० साली पेटंट घेतले आणि सुमारे ८० यंत्रांवर सैन्याचे कपडे शिवायला घेतले. पोटावर पाय येणार हे ओळखून १८३१ मध्ये शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे मोडून टाकली. तिमोनिएचा टाका एकाच दोऱ्याचा, साखळीचा होता. टोक सुटले की सगळी शिवण भराभर उसवायची. नदीवरच्या दगडावर आपटून धुवायच्या वाकळीला असला टाका काय कामाचा! अमेरिकेत एलायस हाउ याने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या, एकमेकांत अडकणाऱ्या टाक्याचे पेटंट मिळवले. सुईचे नेढे टोकाशी आले आणि खालून धोटा दुसरा दोरा घेऊन फिरू लागला. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर याने उभी सुई, कापड दाबून धरणारा पाय आणि वरून पुढे आलेला लोखंडी हात यांची जोड दिली. १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्याने यंत्रे द्यायला सुरुवात केली. माझ्या मते यंत्र घरोघर पोचवण्यात सुईइतकाच या हप्त्यांचाही वाटा आहे.

त्या काळी व्हीलर अँड विल्सन या कंपनीने हिशेब प्रसिद्ध केला होता : पुरुषाचा सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे, यंत्राने १ तास १६ मिनिटे. हिशेब विकणाऱ्याचा आहे हे धरूनही फरक थक्क करणारा आहे. पण तो सदऱ्याचा आहे. सदऱ्याचा तुकडा यंत्राच्या हाताखालून सहज फिरतो. वाकळ सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. तिच्या मध्यावर टीप घालायची तर दोन फूट रुंदीचे जाड कापड गुंडाळून सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये कोंबावे लागते. घरगुती यंत्रात ही जागा सात-आठ इंचांची. शिवाय यंत्राचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर पायाच्या दाबाखाली मागे रेंगाळतो. चार-पाच थर असले की टोकाशी बोटभर कापड फुगून राहते आणि चुणी पडते.

तरीही अमेरिकेतल्या बायकांनी हे यंत्र गोधडीला जुंपलेच. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स हिने १८८५-८६ च्या सुमारास बायबलमधल्या कथांची एक गोधडी केली. तिच्यात हाताची आणि यंत्राची अशी दोन्ही शिवण आहे. १८९१ मध्ये अडचणीपायी ती तिने पाच डॉलरला विकली. मागितले होते दहा. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपल्याकडे सिंगर कंपनीचा पसारा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी वाढवला. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंगने 'उषा' काढली. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले. त्याआधी काही आठवडे दिल्लीत रामचंद्रन या तरुणाने त्यांना यंत्रांविषयी छेडले होते. गांधीजींनी अपवाद केला तो सिंगरच्या शिवणयंत्राचा. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून प्रेमापोटी त्याने ते केले, असे त्यांचे म्हणणे. सिंगरसाहेबांचा संसार एका बायकोपुरता नव्हता आणि त्यांची नजर कमाईवर होती, हे बाजूला ठेवू. यंत्राने बाईचे कष्ट हलके व्हावेत, ही गांधीजींची कसोटी मात्र चोख होती.

वाकळीला ती लावून पाहावी. दुपारच्या वेळी ओसरीवर वाकळ पसरून तिच्या चारही बाजूंना चौघी बसू शकतात. बोलता बोलता धावदोरा पुढे सरकतो. यंत्रापुढे एकच बाई बसते, तीही ओझे ओढत. हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका आपली कवंद कडेपासून सुरू करून आत आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुले' लावतात. त्या कामाचे मोल हाताच्या टाक्यालाच आहे. गिऱ्हाईक सुरकुतलेल्या, किंचित वाकड्या ओळीचे पैसे देते. सगळी वाकळ यंत्रावर टाचली तर तिची गाठ गिरणीच्या रजईशी पडते आणि तिथे आपला निभाव लागणे कठीण.

म्हणून माझे मत असे की ठिगळे जोडणे आणि कडेची पट्टी लावणे यंत्राकडे द्यावे आणि मधला भराव हाताकडे ठेवावा. मग महागडे मशीन लागतच नाही. सरळ टीप घालणारे, लोखंडी अंगाचे, पायाने चालणारे किंवा मोटार जोडलेले साधे मशीन पुरते. हातमशीन टाळावे, उजवा हात मुठीवर अडकला की वाकळ सावरायला डावा एकटाच उरतो. मधला भरावही यंत्रावरच करायचा असेल, तर खांबापर्यंतची जागा जास्तीत जास्त हवी आणि वरचा थरही सोबत सरकवणारा पाय हवा. दुकानात तो 'वॉकिंग फूट' या नावाने मागावा. सुई १६ किंवा १८ नंबरची. फुलापानांचे शेकडो टाके वाकळीच्या काही उपयोगाचे नाहीत.

दुकानात जाताना जुन्या लुगड्याचे पाच थर टाचून हातभर तुकडा सोबत न्यावा. दुकानदाराने पुढे केलेल्या कोऱ्या मलमलीवर कोणतेही मशीन छान चालते. आपल्या तुकड्यावर टीप घालावी, उलटून पाहावा. दोऱ्यांची गाठ थरांच्या पोटात लपली पाहिजे. वर किंवा खाली ठिपक्यासारखी दिसली तर ताण जुळवून मागावा. त्याने जुळत नसेल तर दुसरे मशीन काढायला सांगावे.