टेक्सासच्या कुरणात वशिंडाचा वळू : मांसोत्पादक गुरांच्या संकर पैदाशीतील एका अप्रचलित निवडीचा इतिहास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा मांसोत्पादक गुरांच्या इतिहासात ब्रिटिश जातींच्या वर्चस्वाचा काळ होता. शॉर्टहॉर्न, हेरफर्ड आणि अ‍ॅबरडीन अँगस या जातींच्या वंशावळींच्या नोंदवह्या, प्रदर्शने व लिलाव यांमुळे ‘सुधारित जनावर’ म्हणजे ब्रिटिश जनावर असे समीकरण अमेरिकेत रूढ झाले होते. कळप सुधारावयाचा तर यांपैकी एखाद्या जातीचा वळू आणावा, हा तेथील पशुपालकांचा सर्वमान्य मार्ग होता. असे असताना मेक्सिकोच्या आखातालगतच्या प्रदेशातील मोजक्या पशुपालकांनी भारतातील वशिंडाच्या वळूची निवड केली. त्या काळच्या प्रदर्शनांच्या कसोटीला हा वळू कोठेच उतरत नव्हता. उंच पाय, लोंबते कान, गळ्याखाली सैल पोळी आणि पाठीवर वशिंड असे हे जनावर मांसाच्या बाजारापेक्षा प्राणिसंग्रहालयातच शोभेल, अशी सर्वसाधारण धारणा होती. ही निवड का झाली आणि तिचे पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तो करताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. अप्रचलित जातीकडे वळण्याचे कारण त्या जातीच्या गुणांच्या यादीत सापडत नाही. प्रचलित जातींना त्या भूमीत काय झेपत नव्हते, यात ते सापडते.

गोचीड-ताप आणि ब्रिटिश जातींची मर्यादा

टेक्सासमधील लाँगहॉर्न गुरे ही स्पॅनिश वसाहतकाळात आलेल्या गुरांची वंशज होत. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर त्यांचे मोठमोठे तांडे उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकत नेले जाऊ लागले. हे तांडे ज्या वाटेने जात, त्या वाटेवरील उत्तरेची गुरे काही आठवड्यांत तापाने मरू लागत. तांड्यातील जनावरे मात्र धडधाकट दिसत. या रोगास ‘टेक्सास ताप’ असे नाव पडले आणि काही राज्यांनी दक्षिणेकडील गुरांना प्रवेशबंदी केली. थिओबाल्ड स्मिथ व एफ. एल. किलबोर्न यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हा रोग रक्तातील एका परजीवीमुळे होतो आणि गोचीड त्याचा प्रसार करते, हे सिद्ध झाले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी पाहिला तो १८९७ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. कीटक आणि त्यांच्या भाईबंदांमार्फत रोगप्रसार होतो, या विचाराची पायाभरणी गुरांच्या गोठ्यात झाली, ही बाब वैद्यकाच्या इतिहासात सहसा नजरेआड होते.

लाँगहॉर्नला वासरूपणापासून या रोगाची सवय झालेली असे. उत्तरेकडून विकत आणलेल्या शॉर्टहॉर्न वा हेरफर्ड वळूस ती नसे. त्यामुळे ज्या जनावरावर सर्वाधिक पैसा खर्च झाला, तेच प्रथम दगावण्याचा धोका असे. जे वाचत, त्यांना दमट उन्हाळा सोसत नसे; दिवसभर सावलीत धापा टाकणारे जनावर चरत नाही, आणि न चरणाऱ्या जनावराच्या अंगी मांस धरत नाही.

झेबू वंशाच्या गुरांचे अंग नेमके येथेच वेगळे पडते. आखूड व तुळतुळीत केस, अधिक कार्यक्षम घर्मग्रंथी आणि शरीरात कमी निर्माण होणारी उष्णता यांमुळे ती ऊन सहन करतात. त्यांच्या अंगावर गोचिडी तुलनेने कमी टिकतात, आणि निकृष्ट चाऱ्यावरही ती तग धरतात.

आरंभीचे प्रयत्न

अमेरिकेत झेबू आणण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न १८४९ चा आहे. तुर्कस्तानच्या सुलतानाकडे कापूस लागवडीचे सल्लागार म्हणून गेलेले डॉ. जेम्स बोल्टन डेव्हिस यांनी परतताना काही जनावरे दक्षिण कॅरोलिनात आणली. यादवी युद्धाच्या धामधुमीत त्यांचा वंश नाहीसा झाला. १८५४ मध्ये लुइझियानातील रिचर्ड बॅरो यांना दोन भारतीय वळू मिळाले, तेही कापूस व उसाच्या लागवडीविषयी ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीस दिलेल्या माहितीच्या बदल्यात. कापसाची विद्या पूर्वेकडे गेली आणि वळू पश्चिमेकडे आले, असा हा व्यवहार होता. या वळूंची संकरित प्रजा बॅरो यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

हेतुपुरस्सर आयातीचे श्रेय मात्र टेक्सासच्या पिअर्स कुरणाकडे जाते. ‘शांघाय’ पिअर्स या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले एबल हेड पिअर्स यांची झेबू गुरांना गोचीड-ताप बाधत नाही अशी धारणा होती. ती कसोटीस लावण्यापूर्वीच, १९०० मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांचे भाचे ए. पी. बॉर्डन यांनी टॉम ओकॉनर यांच्या साहाय्याने भारतातून ५१ जनावरे खरेदी केली. १९०६ मध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली तेव्हा विलगीकरणात काही जनावरांच्या रक्तात सरा रोगाचे जंतू आढळले. १८ जनावरे नष्ट करण्यात आली; ३० वळू व ३ माद्या अशी ३३ जनावरे पुढे टेक्सासला गेली. गोचीड-तापावरील उपाय म्हणून आणलेला कळप दुसऱ्याच रोगामुळे बंदरावर अडकून पडावा, हा योगायोग विलक्षण खरा. परंतु परदेशी गुरांच्या आयातीविषयी अमेरिकी शासनाने पुढे जी कठोर भूमिका घेतली, तिच्यामागील भीती अशा अनुभवांतूनच बळावली होती. गोचीड निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही त्याच वर्षी, १९०६ मध्ये, सुरू झाली.

किंग रँचचा प्रयोग

रिचर्ड किंग यांनी १८५३ मध्ये स्थापन केलेल्या किंग रँचने १८८० च्या दशकापासून शॉर्टहॉर्न व हेरफर्ड वळूंवर मोठा खर्च केला होता. १९१० मध्ये ओकॉनर यांनी या कुरणास अर्धा शॉर्टहॉर्न, अर्धा झेबू असा एक वळू भेट दिला. त्याची प्रजा त्या रुक्ष प्रदेशात नजरेत भरण्याइतकी चांगली निपजली. १९१८ मध्ये पिअर्स कुरणाकडून तीन-चतुर्थांश ते सात-अष्टमांश झेबू रक्ताचे ५२ वळू विकत घेऊन ते निवडक शॉर्टहॉर्न गाईंवर सोडण्यात आले. त्यांतील एका वळूपासून १९२० मध्ये ‘मंकी’ नावाचा तांबडा खोंड जन्मला. पुढे रॉबर्ट क्लेबर्ग (कनिष्ठ) यांच्या देखरेखीखाली याच वळूच्या प्रजेत निकटसंबंधी पैदास करून वंश स्थिर करण्यात आला. १९४० मध्ये अमेरिकी कृषी विभागाने ‘सांता गर्ट्रुडिस’ या नावाने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. तीन-अष्टमांश झेबू व पाच-अष्टमांश शॉर्टहॉर्न हे तिचे प्रमाण होय.

या प्रमाणामागील गणित संकर पैदाशीच्या मर्मावर बोट ठेवणारे आहे. दोन दूरच्या वंशांच्या पहिल्या संकरात वाढ, जननक्षमता आणि काटकपणा यांत जी भर पडते, तिला संकरजोम म्हणतात. टॉरस आणि झेबू हे वंश माणसाने गुरे माणसाळवण्याच्या फार पूर्वीच विभक्त झाले होते. त्यामुळे त्यांच्या संकरातील जोम दोन ब्रिटिश जातींच्या संकराहून अधिक असतो. तथापि संकरित जनावरांचा आपसांत संयोग केल्यास हा जोम पूर्ण टिकत नाही. ३/८ व ५/८ या प्रमाणात तो सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ४७ टक्के उरतो. म्हणजे किंग रँचने पहिल्या पिढीचा अर्ध्याहून अधिक जोम सोडून दिला, आणि त्या बदल्यात दर पिढीला बाहेरचा वळू शोधण्याची गरज नसलेला एकजिनसी कळप मिळवला. अफाट कुरणांवर मोकाट चरणाऱ्या गुरांच्या बाबतीत हा सौदा शहाणपणाचा होता. प्रत्येक गाय कोणत्या पिढीची, याची नोंद ठेवणे तेथे शक्यच नव्हते.

वाचलेला वंश आणि विरलेली नावे

१९४३ पर्यंत मेक्सिको सीमेलगतचा पट्टा वगळता अमेरिकेतून गोचीड-तापाच्या गोचिडीचे उच्चाटन झाले. ज्या कारणासाठी झेबू आणला, ते कारण बहुतांशी उरले नाही. झेबू मात्र टिकला, कारण ऊन आणि निकृष्ट गवत कायम होते. त्याची उणीवही याच काळात उघड झाली. झेबू रक्ताचे प्रमाण वाढते तसतसे मांस निबर होते. झेबू वळू ब्रिटिश गाईवर सोडला असता वासरू जन्मतःच जड निपजते व गाय अडते, हाही अनुभव आला. नेब्रास्कातील क्ले सेंटर येथील संशोधन केंद्राने १९९० च्या दशकात आफ्रिकेतील टुली व बोरान या अपरिचित जाती तपासल्या, त्या याच शोधात. उष्णता सोसणारी आणि तरीही कोवळ्या मांसाची जात त्यांना हवी होती. टुलीच्या संकराचे मांस मऊ निघाले, पण वाढीत तो झेबूच्या संकरास गाठू शकला नाही.

अमेरिकेत आलेल्या मूळ झेबू जनावरांची एकूण संख्या ३०० च्याही आत भरते, आणि त्यांत माद्या अगदी थोड्या होत्या. म्हणून वळूमागून वळू वापरून वंश चढवत नेणे, हाच मार्ग उरला. १९२४ मध्ये पैदासकारांची संघटना स्थापन झाली आणि या मिश्रणास ‘ब्राह्मन’ हे नाव देण्यात आले. भारतात या नावाची गाईची एकही जात नाही. मराठी वाचकास तर ते बुचकळ्यात टाकणारेच आहे. कांक्रेज, ओंगोल, गीर आणि कृष्णाकाठची जात हे त्याचे मुख्य घटक या एका नावाखाली विरून गेले.

यांतील कृष्णाकाठची जात ही स्वतःच संकर पैदाशीचे फळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत दक्षिण मराठा संस्थानांच्या अधिपतींनी चिकट काळ्या जमिनीत नांगर ओढू शकेल असा धिप्पाड बैल निर्माण करण्यासाठी गीर, ओंगोल, कांक्रेज आणि म्हैसूरकडील गुरांचा स्थानिक गुरांशी संकर घडवून आणला होता. टेक्सासकरांनी जो प्रश्न विचारला, तोच कृष्णाकाठी त्यांच्याही आधी विचारला गेला होता. फरक एवढाच की येथे मांस नव्हे, ओढ हवी होती. पुढे ट्रॅक्टर आला तेव्हा काळ्या रानात रुतून चालणाऱ्या त्या जड बैलाचे काम संपले. त्याच्या अंगी दुसरे काही हेरून त्याला सांभाळावे, असे कोणाच्या मनात फारसे आले नाही, आणि सांगली, बेळगाव व विजापूरच्या पट्ट्यात ही जात झपाट्याने घटली. तिचे रक्त टेक्सासपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ब्राह्मन गुरांच्या कळपांत वाहते आहे. त्या गुरांच्या वंशावळींच्या वह्यांत मात्र तिचे नाव वेगळे लिहिले जात नाही.