अणुऊर्जा नियामक मंडळ

१९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातील अधिकारांन्वये १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या या मंडळाच्या नियमांशी सर्वसामान्य नागरिकाचा संबंध बहुधा क्ष-किरण तपासणीच्या खोलीतच येतो. किरणोत्साराची शरीराला मिळणारी मात्रा ‘सीव्हर्ट’ या एककात मोजतात आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसीव्हर्ट होय. निसर्गातून व वैद्यकीय उपचारांतून मिळणारी मात्रा वगळता सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, तर या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, अशी मर्यादा मंडळाने घालून दिली आहे. केवळ मर्यादा ठरवून मात्र रक्षण होत नाही. २०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगारबाजारात, एका विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला व इतर काहींना गंभीर इजा झाल्या, कारण वापर थांबला तरी किरणोत्सार थांबत नाही आणि कोबाल्ट-६० ची तीव्रता निम्मी होण्यासही सव्वापाच वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणूनच किरणोत्सारी स्रोत खरेदी करण्यापासून त्याची अखेरची विल्हेवाट लावेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर मंडळाची परवानगी बंधनकारक आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली कोणतीही वस्तू बेवारस आढळल्यास वाचकाने तिला हात न लावता पोलिसांना कळवावे.