पाटणच्या बाजाराने पोसलेले गणित

एखाद्या संख्येला पूर्ण वर्गाने गुणायचे, गुणाकारात एक मिळवायचा आणि जे येईल तेही पूर्ण वर्ग असायला हवे. ६० ला हे सहज जमते: ४ च्या वर्गाने गुणले की ९६०, एक मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतो. येतो ६३ चा वर्ग. मधला ६१ मात्र हटून बसतो. त्याला लागणारी सर्वांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०, आणि येतो तो १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग.

शेजाऱ्यांचे काम एक-दोन अंकांत भागत असताना ६१ ला नऊ-दहा अंक का लागावेत, हे वरवर पाहून मुळीच कळत नाही.

तरी भास्कराचार्यांनी शके १०७२ (इ.स. ११५०) च्या सुमारास ‘बीजगणिता’त हे उत्तर दिले. एकेक संख्या ताडून पाहण्यात जन्म गेला असता. त्यांनी वापरली ‘चक्रवाल’ रीत. ती त्यांच्याआधी जयदेवालाही ठाऊक होती, पण नाव झाले भास्कराचार्यांचे. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, इथून सुरुवात. चक्राचा एक फेरा झाला की ३९ आणि ५ येतात: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक ४ चा. पुढे अशा जोड्या एकत्र करून नवी जोडी काढायची ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ ही रीत लावली की २९,७१८ आणि ३,८०५ हाती येतात. इथे फरक एकाचाच, पण उलट्या बाजूने. म्हणून २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवायचा. झाले उत्तर! उत्तरातल्या दोन मोठ्या संख्यांचा भागाकार ६१ च्या वर्गमुळाशी सतरा दशांश स्थळांपर्यंत जुळतो.

१६५७ मध्ये फ्रान्समध्ये गणितज्ञ फर्माने नेमका हाच ६१ आव्हान म्हणून पुढे टाकला. भास्कराचार्यांचे उत्तर त्याच्यापर्यंत पोचलेले नव्हते. पुढे गणितज्ञ ऑयलरने या कोड्याचे समीकरण चुकून पेल या दुसऱ्या गणितज्ञाच्या नावावर टाकले, आणि ते नाव अजून सुटलेले नाही.

इकडे ही विद्या कोणाच्या पैशावर टिकली, ते चाळीसगावजवळच्या पाटणला दगडात कोरलेले आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा शिलालेख अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य स्वतः पाटणचेच होते का, यावर अजून वाद आहे. मठाबद्दल तो नाही.

शिलालेखातली वंशाची थोरवी संस्कृतात आहे. उत्पन्नाचा भाग मात्र जुन्या मराठीत: बाजारात उघडणाऱ्या मालावरचा कर मठाला, आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल. देणारे पाटणच्या बाजारातले लोक आणि तेली होते. कोणी किती द्यायचे ते त्यांना कळायला हवे होते.