हिंदूरावांच्या टेकडीवरचा खांब

आज सुमेरला जायचे आहे, पण निघू या दिल्लीहून, हिंदूराव रुग्णालयाजवळच्या टेकडीवरून. हे हिंदूराव म्हणजे आपल्या कागलचे घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. फ्रेझर साहेबाचा खून झाल्यावर त्याची इथली कोठी त्यांनी घेतली. १८५७ मध्ये याच कोठीत मेजर रीड आणि त्याचे गुरखे मोर्चा धरून बसले. आम्हा फौजी लोकांना जागा आठवते ती लढाईवरून, पण आज विषय खांबाचा.

हा अशोकाचा खांब मूळचा मेरठचा. १३५६ साली फिरोजशहा तुघलकाने तो इथे आपल्या शिकारवाड्यात उभा केला. त्यावरच्या ब्राह्मी लेखमालेत अशोकाने प्राणिहत्येला बंदी घातलेली आहे! पण वाचणार कोण? कोटल्यावरच्या दुसऱ्या खांबासाठी सुलतानाने पंडित बोलावले, त्यांनाही अक्षर लागले नाही. ती लिपी उलगडली १८३७ मध्ये, प्रिन्सेपने. तोवर, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूकोठाराचा स्फोट होऊन खांबाचे पाच तुकडे झाले होते. दारूगोळा वस्तीपासून दूर ठेवावा हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, असो.

आता सुमेर. इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारास ऊर शहराचा राजा उर-नम्मू याने चंद्रदेव नन्नाचे मंदिर बांधले. विटा ओल्या असतानाच त्यांवर शिक्का मारला: राजाचे नाव, ऊरचा राजा, देवाचे मंदिर बांधले. बस्स. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातल्या लेखात निदान वाडे, विहिरी, बागा मोजून सांगितल्या आहेत आणि तो उघड्यावर आहे. या विटा मात्र भिंतीत गेल्या. लगशच्या गुडियाने तर मातीचे खिळे करून त्यांवर लिहिले आणि ते भिंतीत ठोकले. मग हे कोणासाठी? देवासाठी, आणि पुढे कधी भिंत पडली तर दुरुस्तीला येणाऱ्या राजासाठी.

आणि तो आला. सुमारे १,५०० वर्षांनी बाबिलोनचा राजा नबोनिडस त्याच मंदिराची डागडुजी करायला आला. उर-नम्मू आणि त्याचा मुलगा शुल्गी यांचे लेख त्याने पाहिले आणि दोघांची नावे स्वतःच्या लेखात घातली. मेसोपोटेमियात लिपी जिवंत होती म्हणून निरोप पोचला. आपल्याकडे ती साखळी तुटली होती.

१८६७ मध्ये इंग्रजांनी खांब जोडून पुन्हा उभा केला आणि चौथऱ्यावर लेख बसवला: कोणी उभारला, कोणी हलवला, कसा फुटला, शेवटी आपले सरकार. उर-नम्मूला तो आपलाच वाटला असता. अशोकाने काय सांगितले, त्यावर एक अक्षर नाही. हिंदूरावांचेही नाव नाही. ते रुग्णालयाच्या पाटीवर आहे.