विसावा आणि खांदेपालट : घरच्या शुश्रूषेचा एक इतिहास

पनवेलजवळच्या गाढी नदीच्या खोऱ्यात विचुंबे हे गाव आहे. नवीन पनवेलच्या वेशीला टेकलेल्या या गावात भातशेतीची आठवण अजून शिल्लक आहे आणि तिच्या शेजारी चारमजली, सातमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. २०१३ साली हा परिसर नियोजित विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे 'नैना'त समाविष्ट झाला आणि गावाच्या रूपाबरोबर घराचे रूपही पालटू लागले. ज्या घराला ओटी, माजघर, पडवी होती आणि त्या पडवीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची खाट मावत होती, त्या घराच्या जागी एका शयनगृहाची सदनिका आली. खाट अजूनही आहेच. तिच्या भोवतीची माणसे मात्र कमी झाली आहेत.

या खाटेवरच्या माणसाविषयी आपल्या साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तिच्या उशाशी बसलेला माणूस हा आहे. बहुतेक वेळा ती बाईच असते. तिला चार दिवस विश्रांती मिळावी, त्या काळात रुग्णाची काळजी दुसऱ्या कोणी घ्यावी आणि तिचा खर्च समाजाने उचलावा, ही कल्पना आपल्याकडे कधी आली आणि कुठे अडली, याचा हा धावता आढावा आहे.

सुरुवात शब्दांपासून करणे इष्ट ठरेल. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. 'श्रु' या धातूचे ते इच्छार्थक रूप होय. सेवेचा आरंभ ऐकण्यापासून होतो, हे भाषेला फार पूर्वी उमगले होते. ज्या पुत्राला आपण सेवेचा आदर्श मानतो त्या श्रावणाचे नावही याच धातूशी नाते सांगते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात दशरथ कौसल्येला ही कथा सांगतो, तेव्हा त्या मुनिकुमाराला हे नाव नाही आणि त्याच्या खांद्यावर कावडही नाही. नाव आणि कावड या दोन्ही गोष्टी परंपरेने पुढे जोडल्या. मराठी मनात ठसले आहे ते कावडीचेच चित्र : दोन पारड्यांत आई-वडील आणि मध्ये एकच खांदा. कथेचा शेवट आपण दैवाच्या खाती टाकतो. तिचा साधा व्यावहारिक अर्थही आहे. सेवा करणारा एकटाच असला आणि तो पडला, की ज्यांची सेवा होते तेही वाचत नाहीत. श्रावणाच्या मागे त्याच्या अंध माता-पित्यांना पाणी पाजणारा दुसरा कोणी उरला नव्हता.

पुंडलिकाच्या कथेचेही असेच. देव दारात आला, तर भक्ताने वीट पुढे सारली आणि थांबायला सांगितले. देवापेक्षा सेवा मोठी, हे तात्पर्य आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. देवाने आत येऊन घटकाभर त्या म्हाताऱ्यांचे पाय चेपावेत आणि पुंडलिकाला बाहेर मोकळ्या हवेत पाठवावे, असे मात्र कोणाला सुचले नाही. सेवा हा सद्गुण ठरला. सद्गुणाला मोल द्यायचे नसते आणि सद्गुणी माणूस थकत नाही, असे गृहीत धरणे सोयीचे झाले.

सेवेला मोल आहे आणि ती शिकण्याची विद्या आहे, ही जाणीव विसाव्या शतकाच्या आरंभी दिसू लागते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले आणि पुढे ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. घराच्या कोपऱ्यात आजारी दीर-सासऱ्यांची सेवा करण्यात ज्यांचे आयुष्य संपायचे, अशा विधवा स्त्रियांना त्याच कामासाठी वेतन मिळू शकते, हा त्या काळी मोठाच बदल होता. परंतु तो रुग्णालयात झाला. घरातली शुश्रूषा पूर्वीसारखीच बिनमोल राहिली.

विचुंब्याच्या जवळच, नेरे येथे, कुष्ठरोग निवारण समितीने १९५१ साली 'शांतिवन' उभारले. कुटुंबाने ज्यांना दूर लोटले त्यांना आसरा देणारी ही संस्था होती. पुढे तिथे वृद्धांचीही सोय झाली. अशा संस्थांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या घडणीतच एक अर्थ दडलेला आहे : जेथे कुटुंब संपते तेथे संस्था सुरू होते. कुटुंब आहे, ते झटत आहे, पण ते मोडू नये म्हणून त्याला मध्येच थोडा आधार हवा, ही तिसरी अवस्था आपल्या समाजसेवेच्या आणि शासनाच्या नजरेत बराच काळ आली नाही.

शासनाच्या योजनांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. १९८० साली, रायगड जिल्ह्याचे (तेव्हाच्या कुलाब्याचे) सुपुत्र बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. पासष्टी ओलांडलेल्या निराधार वृद्धांसाठीच्या राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेला नाव मिळाले 'श्रावणबाळ सेवा'. नाव सेवा करणाऱ्याचे, पैसे मात्र ज्याची सेवा करायची त्याच्या नावे. निराधार वृद्धाला ते मिळायलाच हवेत, त्याविषयी वाद नाही. पण ज्या घरात खरोखर एखादा श्रावणबाळ कावड वाहत आहे, तेथे त्याच्यासाठी या योजनेत काही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आई-वडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतचा कारावास ठरवला. टाकून न देणाऱ्याला तीन दिवसांची उसंत मात्र त्यात नाही.

त्या उसंतीचा उल्लेख भारतीय कायद्यात आधीच येऊन गेला होता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व (हा त्या कायद्यातला शब्द) आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी, कुटुंबावर संकट आले असता गरजेनुसार सेवा देणाऱ्या संस्थांना साहाय्य करणे हे उद्दिष्ट नोंदवले आहे. ज्या कार्यक्रमांना निधी देता येतो त्यांत अल्पकालीन विसाव्याची काळजीही आहे. त्यातून 'समर्थ' ही निवासी योजना निघाली, जी पुढे 'घरौंदा'शी जोडली गेली. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी' आली आणि 'निरामय' या आरोग्यविम्याने एक लाख रुपयांपर्यंतची सोय केली. विचुंब्यातल्या एखाद्या आईला या वाटेने जायचे असेल, तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि न्यासाकडे नोंदलेली संस्था यांपासून आरंभ करावा लागतो. पालकत्वाच्या अर्जासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असते, म्हणजे अलिबाग गाठावे लागते. आणि ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेले वडील आहेत, त्याला हे दार उघडत नाही, कारण तो आजार न्यासाच्या यादीत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आला. पण तो शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.

हे इतरत्र कसे घडले? ब्रिटनमध्ये मेरी वेब्स्टर यांनी १९६३ साली, आई-वडिलांसाठी नोकरी सोडाव्या लागणाऱ्या अविवाहित स्त्रियांचा प्रश्न जाहीरपणे मांडला. १९७६ साली काळजीवाहकांना भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रिया त्यातून वगळल्या होत्या. त्या घरीच असतात, मग त्यांना भत्ता कशाला, असा विचार त्यामागे होता. तो भेद दूर व्हायला १९८६ उजाडले आणि जॅकलीन ड्रेक या गृहिणीला युरोपीय न्यायालयापर्यंत जावे लागले. जर्मनीने १९९५ साली दीर्घकालीन काळजीचा विमाच सुरू केला आणि घरचा काळजीवाहक आजारी पडला किंवा सुटीवर गेला तर पर्यायी माणसाचा खर्च त्यात धरला. आपल्याकडे केरळने २०१० साली 'आश्वासकिरणम्' योजना आणली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला तीत दरमहा मदत मिळते. ही रक्कम सहाशे रुपयांच्या घरातली, म्हणजे फार थोडी. पण काळजी घेणाऱ्याला स्वतःचे खाते आहे, हे तिने मान्य केले.

महाराष्ट्रात ही मान्यता शासनाआधी भाषेतून आली, असे म्हणता येईल. कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. स्वतः काळजीवाहक असलेल्या या गृहस्थांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. पुण्यातल्या अशा स्वमदत गटांत रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द रूढ झाले. ज्याला कालपर्यंत केवळ 'नातेवाईक' म्हटले जात होते त्याला नाव मिळाले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे 'देवराई' (२००४) आणि 'अस्तु' (२०१३) हे चित्रपट याच जाणिवेचे. 'अस्तु'मध्ये वृद्ध संस्कृत पंडित गाडीतून उतरतो आणि हत्तीच्या मागे निघून जातो. त्याची मुलगी केवळ थोडा वेळ नजरेआड झालेली असते. त्या थोड्या वेळात काय काय घडू शकते, हे शुभंकराला माहीत असते आणि म्हणूनच तो कधी नजरेआड होत नाही.

याउलट उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचे. १९७३ साली अमानुष हल्ल्यात जायबंदी झालेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना तेथील परिचारिकांनी २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, सांभाळले. त्या सेवेचा गौरव करताना आपण ममतेचा उल्लेख करतो, आणि ममता होतीच. पण त्या परिचारिकांना पाळी होती. एकीची पाळी संपली की दुसरी येत असे. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी येत असे. घरी जाऊन झोपता येत होते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याच मायेने परत येता येत होते.

मराठीला ही गोष्ट नवीन नाही. वारीत पालखीला विसावा असतो. तो मुक्काम नव्हे, प्रवासाचा शेवट तर नव्हेच. पुढे चालता यावे म्हणून केलेला तो थांबा असतो. अंत्ययात्रेतही तिरडी वाटेत विसाव्यापाशी टेकवतात आणि खांदेकरी जागा बदलतात. 'खांदेपालट' हा शब्द आज आपण मंत्रिमंडळापुरता ठेवला आहे. त्याचे मूळ ओझे वाहणाऱ्या माणसांत आहे. मेलेल्या माणसाला वाहून नेतानाही एकाच खांद्यावर सारा भार टाकू नये, एवढे शहाणपण आपल्या रूढीला होते. जिवंत माणसाला वर्षानुवर्षे वाहून नेणाऱ्या खांद्यासाठी ते आपण वापरले नाही. विचुंब्याच्या त्या सदनिकेत आज कावड एकाच खांद्यावर आहे, आणि श्रावणाच्या कथेत पुढे काय होते हे आपल्या सर्वांना पाठ आहे.