कोल्हापूर जिल्ह्यातील वस्त्र पुरवठा साखळी आणि श्रमस्थिती

कोल्हापूर जिल्ह्यातील वस्त्र पुरवठा साखळी म्हणजे सूतकताई, सायझिंग, विणकाम, प्रक्रिया आणि शिवणकाम या टप्प्यांतून कापड व कपडे तयार करून ते देशी-विदेशी ब्रँडांपर्यंत पोहोचवणारी उत्पादनव्यवस्था होय. हातकणंगले तालुक्यातील इचलकरंजी हे तिचे मुख्य केंद्र असून या शहराला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' असे म्हटले जाते. कपड्यांच्या ब्रँडांनी गेल्या तीन दशकांत आपल्या पुरवठादारांकडील कामाची परिस्थिती सुधारण्यासाठी आचारसंहिता, तपासण्या व करार यांचा अवलंब केला. या उपायांचा प्रभाव प्रामुख्याने शिवणकामाच्या कारखान्यांवर पडला. विणकामाच्या टप्प्यावर, म्हणजे इचलकरंजीसारख्या ठिकाणी, तो फारच थोडा जाणवतो.

पार्श्वभूमी

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी विणकरांना आश्रय व प्रोत्साहन दिले. त्याच सुमारास, १९०६ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिलची स्थापना केली. या दोन घटनांतून श्रमाच्या दोन भिन्न पद्धती पुढे आल्या. गिरणीत कताईपासून विणकामापर्यंत सारे कामगार एकाच मालकाच्या हजेरीपटावर असत, तर यंत्रमागावर प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा असतो. १९८२ च्या मुंबईतील संपानंतर गिरण्यांची पीछेहाट झाली आणि भिवंडी, मालेगाव, सोलापूर व इचलकरंजी येथील मागांवर कापडाचा मोठा भार आला.

साखळीची रचना

इचलकरंजीतील एक लाखाहून अधिक मागांपैकी अनेक माग 'खर्चीवाले' चालवतात. खर्चीवाला यंत्रमागधारक स्वतः सूत विकत घेत नाही. व्यापारी त्याला सायझिंग केलेली बिमे व बाण्याचे सूत देतो आणि विणून आलेल्या कापडावर ठरलेल्या दराने खर्ची, म्हणजे विणाईचा मोबदला देतो. कच्चे कापड पुढे प्रक्रियागृहात, तेथून कपडे शिवणाऱ्या कारखान्याकडे आणि शेवटी ब्रँडकडे जाते. शर्टाच्या गळपट्टीवर नाव असलेली कंपनी आणि तो विणणारा कामगार यांच्यामध्ये अशा प्रकारे चार-पाच व्यवहार असतात, आणि त्यांपैकी एकाही कागदावर कामगाराचा उल्लेख नसतो.

माग चालवणाऱ्या कामगाराभोवती कांडी भरणारे, वहिफणी करणारे, सायझिंग कामगार, जॉबर, कापडाची घडी घालणारे आणि हिशेब ठेवणारे दिवाणजी असा मोठा वर्ग काम करतो. कांडी भरण्याच्या कामात स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय आहे. कामगारांत स्थानिकांबरोबर कर्नाटक, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले लोकही आहेत. साध्या मागावर पाळी सामान्यतः बारा तासांची असते. धोट्याच्या सततच्या आवाजामुळे ऐकण्याची क्षमता कमी होणे, कापसाच्या धुळीमुळे श्वसनाचे विकार जडणे आणि तासन्‌तास उभे राहण्यामुळे होणारा त्रास ही या धंद्यातील परिचित दुखणी आहेत.

मजुरी आणि पिकाचा दर

माग कामगाराची मजुरी मीटरवर आणि 'पिकावर' ठरते. एका इंचात बाण्याचे किती धागे बसतात, ते पीक. पीक जितके जास्त तितके मीटरभर कापड विणण्यास अधिक वेळ लागतो, म्हणून दरही वाढतो. वीज गेली, सूत निकृष्ट निघाले किंवा बीम वेळेवर आले नाही, तर कामगाराचा दिवस बुडतो. हा धोका ब्रँडच्या कोणत्याही हिशेबात येत नाही, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे वैगुण्य होय.

२०१३ मध्ये यंत्रमाग कामगारांनी दीर्घ संप केला. त्यानंतरच्या तडजोडीत मजुरी महागाई भत्त्याशी जोडण्यात आली व दरवर्षी वाढ जाहीर होण्याची प्रथा पडली. या वाढीच्या अंमलबजावणीवरून मालक व कामगार संघटना यांच्यात वारंवार वाद होतात. खर्ची वाढली नाही तर मजुरी कोठून वाढवायची, हा खर्चीवाल्यांचा युक्तिवाद आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. कापडाची किंमत ठरवणे त्यांच्या हाती नसते.

ब्रँडांचे उपाय

आशियातील कारखान्यांमधील परिस्थितीवर १९९० च्या दशकात टीका झाल्यावर नायकेसारख्या कंपन्यांनी आचारसंहिता व तपासणीची पद्धत स्वीकारली. पुढे पुरवठादारांच्या याद्याही प्रसिद्ध होऊ लागल्या. मात्र ढाक्याजवळील राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले, तेव्हा तपासणीची मर्यादा उघड झाली, कारण त्या इमारतीतील काही कारखान्यांची तपासणी आधीच झालेली होती. त्याच वर्षी झालेल्या बांगलादेश अ‍ॅकॉर्ड या कराराने ब्रँड व कामगार संघटना यांना कायद्याने बांधून घेतले. भारतात तमिळनाडूतील दिंडीगल येथे २०२२ मध्ये झालेला करार याच धर्तीचा आहे. स्त्री कामगारांवरील हिंसा व छळ रोखण्यासाठी झालेल्या या व्यवस्थेत एच अँड एम, गॅप व पीव्हीएच हे ब्रँड सहभागी झाले.

हे दोन्ही करार जेथे कामगार एका छपराखाली मोठ्या संख्येने असतात आणि ब्रँडची थेट मागणी असते, अशा कारखान्यांसाठी उपयुक्त ठरले. इचलकरंजीत या दोन्ही अटी पूर्ण होत नाहीत. जिल्ह्यात याला अपवाद आहेत. कागल परिसरातील औद्योगिक वसाहतीत रेमंड समूहाचा शर्टाच्या कापडाचा कारखाना आहे. तुर्कस्तानच्या सोकतास कंपनीने उभारलेला कारखाना ग्रासिमने २०१९ मध्ये विकत घेतला. येथे ब्रँडचा मालक आणि कामगाराचा मालक एकच असल्याने जबाबदारी कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नाही.

कोल्हापुरी चप्पल आणि प्राडा

वस्त्रोद्योगाबाहेरचे, पण फॅशन ब्रँड व कारागीर यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारे एक उदाहरण जिल्ह्यातच घडले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला सादर केल्या. त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेख नव्हता. या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. टीकेनंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले, तिच्या प्रतिनिधींनी कोल्हापूरला भेट दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम व लिडकर या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. त्यानुसार २,००० जोड येथील कारागिरांकडून बनवून घेण्याचे आणि कारागिरांना प्रशिक्षण देण्याचे ठरले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो जाहीर झाली. या किमतीतील कारागिराचा वाटा किती, यावरच अशा करारांचे मोल ठरते. माग कामगाराला मात्र असा सौदा करण्याची संधी नसते, कारण त्याच्या कापडाला मानांकन नाही आणि ते ओळखूही येत नाही.

कायदेशीर चौकट

कारखाना अधिनियम, १९४८ मूळतः विजेवर चालणाऱ्या व १० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही संख्या २० करण्यात आली. परिणामी लहान मागशेडांपैकी बरेचसे कारखान्याच्या व्याख्येबाहेरच राहतात. बांधकाम कामगारांप्रमाणे यंत्रमाग कामगारांसाठीही कल्याणकारी मंडळ असावे, ही संघटनांची जुनी मागणी आहे. जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची दक्षता बंधनकारक केली. भारतात सेबीने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना मूल्यसाखळीविषयी माहिती देण्यास सांगितले आहे. मात्र ही तरतूद ऐच्छिक असून कंपनीच्या खरेदी किंवा विक्रीत २ टक्के किंवा अधिक वाटा असणाऱ्या भागीदारांपुरती मर्यादित आहे. आठ-दहा माग चालवणारा खर्चीवाला या मर्यादेच्या जवळपासही येत नाही.