बाण, रॉकेट आणि वसुली

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "तुम्ही जुने सभासद, काहीतरी इतिहासावर लिहा" असा चिटणीसांचा निरोप आला. त्यांना बहुधा सोसायटीचा इतिहास अपेक्षित असावा. प्लॉट कसे पडले, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, पहिली दोन वर्षं रस्त्यावर लाइट कसे नव्हते, वगैरे. ते सगळं इतर सभासदांनी या अंकात लिहिलंच आहे. मी जो इतिहास निवडला तो रॉकेटांचा आहे. मोठ्या नव्हे, छंद म्हणून उडवायच्या लहान रॉकेटांचा. कारण महोत्सवाच्या कार्यक्रमांत आपल्या मुलांच्या छंद मंडळाने 'जुन्या रॉकेटांची स्पर्धा' ठेवली आणि समितीच्या बैठकीत तिला विरोध करणारा मी एकटाच होतो. विरोध का केला आणि आठ दिवसांनी तो मागे का घेतला, हे तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो.

गोष्ट १९६३ ची. मी तेरा वर्षांचा होतो. २१ नोव्हेंबरला केरळातल्या थुंबा गावाहून भारताच्या भूमीवरचं पहिलं रॉकेट आकाशात गेलं. ते अमेरिकेकडून आलेलं 'नाइकी-अपाची' जातीचं होतं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि जिकडेतिकडे तीच चर्चा. पण नागपूरहून येणाऱ्या पेपरात आम्ही थुंबाची बातमीही वाचली. आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. तो वर्षभराने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो.

दिवाळीतले न फुटलेले फटाके आम्ही डब्यात जमवून ठेवले होते. ते सोलून दारू काढली. सायकलच्या मोडक्या पंपाची लोखंडी नळी मिळवली आणि तिच्यात ती दारू ठासून भरली. ठासण्याचं काम माझं होतं. शेपटीला पऱ्हाटीची काडी बांधली आणि एका जिनिंगच्या मागच्या पडीत जागेत नेऊन वात पेटवली. वात सुरसुरली आणि विझल्यासारखी वाटली. थोडा वेळ थांबून दादा नळी उचलायला गेला.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. घरी "फटाका हातात फुटला" एवढंच सांगितलं. दादानेही तेच सांगितलं. नळीत दारू कोणी भरली, हे कोणी विचारलं नाही आणि मी आपणहून बोललो नाही. पुढे मी बँकेत लागलो. दादाचं खातं आमच्याच शाखेत होतं. तो डाव्या हाताने लिहायला शिकला होता. सही कधी नमुना कार्डाशी नीट जुळायची नाही. त्याचा चेक आला की मी कार्ड काढून सही ताडून बघायचो आणि दर वेळी ती नळी आठवायची. बैठकीत 'रॉकेट' हा शब्द ऐकला तेव्हाही तेच झालं. "माझ्या हयातीत या सोसायटीत रॉकेट उडणार नाही," असं मी जरा चढ्या आवाजातच बोललो.

त्यावर आठवीतली एक मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, आमच्या रॉकेटात आग नाहीच. पाणी आहे आणि सायकलच्या पंपाची हवा." पंपाचं नाव ऐकून मी गप्प बसलो. पण घरी आल्यावर स्वस्थता नव्हती. आपण ज्याला विरोध करतो आहोत ते नेमकं आहे तरी काय, म्हणून नातवाच्या मदतीने वाचायला लागलो.

मुळात रॉकेट आपल्याला परकं नाही. दिवाळीतल्या रॉकेटला आपली जुनी माणसं 'बाण'च म्हणत. पेशवाईतल्या कागदांत तोफांबरोबर बाणांचा उल्लेख येतो ते धनुष्याचे नव्हेत, हेच दारूचे बाण. म्हैसूरच्या हैदर आणि टिपू यांनी बाणाची नळी लोखंडाची केली. कागदी किंवा बांबूच्या नळीपेक्षा लोखंडी नळी जास्त दाब सोसते, म्हणून बाण लांब जातो. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा तडाखा अनुभवला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांनी हे बाण विलायतेला नेले. तिथे विल्यम काँग्रीव्ह यांनी ते सुधारले आणि नेपोलियनविरुद्ध वापरले. २०१८ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या नगर इथे एका कोरड्या विहिरीत अशा जुन्या बाणांच्या हजाराहून जास्त गंजलेल्या नळ्या सापडल्या. ती बातमी वाचताना माझ्या लक्षात आलं, की आम्हीही लोखंडी नळीच घेतली होती. युद्धात जो गुण तोच खेळात घात. कागदी नळी फुटली तर चिंध्या उडतात, लोखंडी फुटली तर तुकडे अंगात शिरतात.

हे ओळखणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ चपला-बुटांचं दुकान चालवत. त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता. १९५४ च्या सुमारास त्यांनी भाऊ रॉबर्ट यांच्यासह एक लहान रॉकेट तयार केलं. शरीर कागदी नळीचं, पंख हलक्या लाकडाचे. रॉकेट वर जाऊन थांबलं की आतला छोटा बार उडतो, टोपी निघते आणि पॅराशूट उघडून रॉकेट सावकाश खाली येतं. नवं इंजिन घालून पुन्हा उडवता येतं. त्याच काळात न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र केंद्रावर जी. हॅरी स्टाइन हे सुरक्षेचं काम पाहत. १९५७ च्या आरंभी त्यांचा एक लेख वाचून कार्लाइल यांनी त्यांना आपली रॉकेटं पाठवली.

स्टाइन यांना ती फार मोलाची वाटली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली पोरं घराघरांत नळ्यांमध्ये दारू भरू लागली. थेट आमच्यासारखीच. अपघातही तसेच. स्टाइन यांनी संघटना उभी केली आणि नियम घातले. शरीरात धातू नको. दारू मुलांनी भरायची नाही, इंजिन कारखान्यातलंच घ्यायचं. काडीने पेटवायचं नाही, लांबून विजेच्या तारेने पेटवायचं. पेटलं नाही तर लगेच जवळ जायचं नाही. आणि रॉकेट सुखरूप खाली आणण्याची सोय असल्याशिवाय ते उडवायचंच नाही.

चौथा नियम वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. एवढं एक वाक्य आम्हाला १९६३ मध्ये कोणी सांगितलं असतं तर!

इंजिनांची मागणी वाढली तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस या तरुणाने १९५८ मध्ये ती बनवायचं यंत्रच तयार केलं. त्याला नाव दिलं 'मेबल'. ही इंजिनं म्हणजे जाड पुठ्ठ्याची बोटभर नळी, खाली मातीची अरुंद तोटी, आत दाबून भरलेली दारू. त्यावर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 'ए ८-३'. अक्षर एकूण जोर सांगतं आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला तो दुप्पट होतो. आठ म्हणजे सरासरी रेटा, तीन म्हणजे दारू जळून संपल्यावर पॅराशूटचा बार उडेपर्यंतचे सेकंद. आमच्या नळीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

१९५९ मध्ये या छंदाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा अमेरिकेत झाली आणि १९७२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा युगोस्लाव्हियात. कोणाचं उंच जातं एवढंच तिथे बघत नाहीत. पॅराशूटवर जास्त वेळ कोण तरंगतं, कच्चं अंडं न फुटता कोण परत आणतं, खऱ्या रॉकेटची हुबेहूब प्रतिकृती कोणाची, अशाही स्पर्धा असतात. हा छंद आता इतका जुना झाला आहे की साठ-सत्तरच्या दशकातल्या नकाशांवरून तीच जुनी रॉकेटं पुन्हा बांधणारे हौशी लोक आहेत. आपल्या मुलांना कल्पना सुचली ती इथूनच.

रॉकेट परत मिळवण्याला तिकडे 'रिकव्हरी' म्हणतात. हा शब्द वाचून मला हसू आलं. बँकेत आमचं आयुष्य याच शब्दात गेलं. कर्ज देणं सोपं, कागदावर सही केली की झालं. खरा कस लागतो वसुलीला. रॉकेटचंही तसंच. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी आकाशातून जळत जाणारी ती लांबलचक रेघ आपल्यापैकी कित्येकांनी गच्चीवरून पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तेव्हा धातूचं एक मोठं कडं पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. वसुलीचा विचार न करता वर पाठवलेली वस्तू कुठे ना कुठे पडतेच.

आपल्या देशातही हौशी माणसं होऊन गेली. कलकत्त्याचे स्टीफन स्मिथ यांनी १९३४ पासून दहा वर्षं रॉकेटमधून टपाल पाठवण्याचे प्रयोग केले. १९३५ मध्ये त्यांनी एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमधून दामोदर नदीपलीकडे पाठवली आणि ती जिवंत पोचली. १९९२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघालं. थुंबाहून २० नोव्हेंबर १९६७ ला उडालेलं रोहिणी-७५ हे आपल्या देशात बनलेलं रॉकेट फक्त ७५ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे डालड्याच्या छोट्या डब्याएवढं होतं. पुढे १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा थुंबाच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले पुण्याचे वसंत गोवारीकर होते. रॉकेटचं घन इंधन हाच त्यांचा विषय.

एवढं वाचल्यावर दादाला फोन केला. तो आता दारव्ह्याला असतो. स्पर्धेचं सांगितलं आणि साठ वर्षांत पहिल्यांदा म्हणालो, "दादा, ती नळी मी जास्त ठासली होती." तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मले मालूम हाय. पन उचलाले मीच गेलो ना? आपल्याले कोनी सांगनारं नव्हतं. या पोट्ट्यायले हाय. होऊ दे त्यायचं."

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांना विरोध मागे घेतल्याचं पत्र दिलं आणि सोबत नियमांचा कागद जोडला. दारूचा एक कणही नको. आपल्याकडे दारूकामाला स्फोटकांच्या कायद्याने परवाना लागतो, तेव्हा तो विषयच बंद. फक्त थंड पेयाची प्लास्टिकची बाटली, एक तृतीयांश पाणी. हवा लांब नळीने भरायची, दोरी लांबून ओढायची. सुटलं नाही तर मोठ्या माणसाने लांबूनच हवा सोडल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. उडवण्याआधी प्रत्येक रॉकेट तोल साधेल तिथे सुतळीने बांधून डोक्याभोवती फिरवायचं. तोंड पुढे ठेवून फिरलं तर सरळ उडेल, गटांगळ्या खाल्ल्या तर टोकाला वजन वाढवायचं. शंभर गुणांतले चाळीस प्रतिकृती आणि तिच्या माहितीला, वीस उड्डाणाला, चाळीस वसुलीला.

स्पर्धेला दादाला परीक्षक म्हणून बोलावलं. अकरा रॉकेटं होती. एकाने टिपूचा बाण केला होता, नळी अर्थातच पुठ्ठ्याची. दोन रोहिणी होत्या, एक नाइकी-अपाची. एसएलव्ही-३ पहिल्या खेपेला कुंपणापर्यंत जाऊन नाकावर आपटलं आणि करणारा मुलगा रडवेला झाला. खरं एसएलव्ही-३ सुद्धा १० ऑगस्ट १९७९ ला पहिल्या खेपेस समुद्रात पडलं होतं, हे मी त्याला सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्याचं पॅराशूट उघडलं.

पहिला नंबर त्या आठवीतल्या मुलीचा आला. तिने स्मिथ यांचं टपाल रॉकेट केलं होतं आणि आत अध्यक्षांच्या नावाचं पोस्टकार्ड घातलं होतं. ते कोरडं उतरलं. एक रॉकेट मात्र सुटलंच नाही. एक लहान मुलगा धावत त्याच्याकडे निघाला तेव्हा दादाने हात आडवा केला. तोच, तीन बोटांचा. पोरगा थबकला, हाताकडे बघत राहिला. दादा म्हणाला, "थांब. आधी हवा सोडू दे." एवढंच.

बक्षीसपत्रांवर परीक्षक म्हणून दादाने अकरा सह्या केल्या. एकही दुसरीसारखी नव्हती. मी त्या ताडून पाहिल्या नाहीत.

समितीला एकच विनंती आहे. ही स्पर्धा दर वर्षी घ्यावी आणि नियमांचा तो कागद इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवावा. आम्ही असू-नसू, पन्नासाव्या वर्षी तो कोणाला तरी लागेल.